धर्मगुरूचे ब्रह्मचर्य : एक विश्वस्तनिधी

कॅथलिक धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य निसर्गाविरुद्ध आहे. ते धर्मग्रंथात सांगितलेले नाही. चर्चची मालमत्ता वारसांच्या हाती जाऊ नये म्हणून ते योजले गेले. आणि लहान मुलांवर झालेल्या अत्याचारांचे मूळ त्यातच आहे, हे चार आक्षेप आता इतके रुळले आहेत की, ते घेणारास पुरावा देण्याची गरज भासत नाही आणि ऐकणारास तो मागण्याची. सुशिक्षित कॅथलिक घरांतूनही हीच भाषा ऐकू येते. आमच्या मते या आक्षेपांत काही अंश खरा आहे व बराचसा भाग उतावळेपणाचा आहे. खरे ते मान्य करून उरलेल्याचा समाचार घ्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

ज्या भूमीत हे आक्षेप घेतले जातात तिचा स्वभाव तरी आक्षेपकांनी ध्यानी घ्यावा. आम्ही हे लिहीत आहोत ते बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, सौंसर तालुक्यातले. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते आता मोडते. राज्य मध्य प्रदेशाचे, पण घरातली भाषा मराठी. याच तालुक्यात जामसावळीचा पहुडलेला मारुती आहे आणि त्याच्या दर्शनाला माणसांची रीघ लागलेली असते. त्या रांगेतील एकाही माणसास मारुतीचे ब्रह्मचर्य विकृत वाटत नाही. तो देव, असे कोणी म्हणेल; तर बोहल्यावरून निघून गेलेले समर्थ रामदास हे मनुष्यच होते, आणि त्यांच्या लग्नाची मोडलेली घडी महाराष्ट्राने त्यांच्या मोठेपणातच धरली. एका मोठ्या कार्यासाठी पुरुषाने संसार नाकारावा ही कल्पना येथे परकी नाही. ती परकी वाटू लागते ती झगा घातलेल्या पाद्रीबाबांच्या ठायी दिसली म्हणजेच! आक्षेप ब्रह्मचर्यावर आहे की झग्यावर, हे आधी ठरलेले बरे.

आता जे निर्विवाद आहे ते मांडतो. ब्रह्मचर्य हा कॅथलिक श्रद्धेचा सिद्धान्त नव्हे. तो चर्चचा कायदा आहे. प्रेषित पेत्रास सासू होती हे मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात लिहिलेले आहे. बिशप हा एकाच स्त्रीचा पती असावा, ही अपेक्षा तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्याच नव्या करारात देवराज्यासाठी अविवाहित राहणाऱ्यांविषयी प्रभू येशूचे बोल आहेत, करिंथकरांना लिहिताना संत पौलाने दिलेला तसाच सल्लाही आहे. परंतु सल्ला म्हणजे आज्ञा नव्हे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथील धर्मसभेने धर्मगुरूंना संयमाची आज्ञा केली, आणि ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने दीक्षित धर्मगुरूचा विवाह मुळातच रद्दबातल ठरविला. रोमशी एकनिष्ठ असलेल्या पौर्वात्य चर्चमध्येही विवाहित पुरुषास गुरुदीक्षा देण्याची परंपरा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हे सारे ध्यानी घेऊन स्वच्छ सांगितले की, ब्रह्मचर्य ही याजकपदाच्या स्वरूपाचीच मागणी नव्हे. तेव्हा पेत्राची सासू पुढे करून जे चर्चला कोंडीत पकडू पाहतात ते चर्चने स्वतःच उघडून ठेवलेल्या दारावर धक्के मारीत आहेत.

ब्रह्मचर्य हा कायदा आहे असे एकदा ठरले म्हणजे वाद श्रद्धेचा न राहता विवेकाचा होतो. कायदा चांगला की वाईट, हे तो कोणाच्या संमतीने घेतो, घेतलेले कोणास देतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांवरून ठरवावे.

पहिला प्रश्न संमतीचा. नागपूरला दवाखान्यासाठी वा खरेदीसाठी जाणारा आमच्याकडील प्रत्येक माणूस सेमिनरी हिल्स हे नाव जाणतो. परंतु त्या टेकडीस ते नाव ज्या सेमिनरीमुळे पडले तिच्यात काय चालते हे क्वचितच कोणी विचारतो. तेथे धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण शिकतात. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे शिक्षण किमान सहा पूर्ण वर्षांचे असते. पंचविसावे वर्ष पूर्ण झाल्याखेरीज गुरुदीक्षा देता येत नाही. त्याआधी डीकनची दीक्षा घेताना उमेदवाराने देवासमोर आणि लोकांसमोर ब्रह्मचर्याचा स्वीकार जाहीर करावा लागतो. आपण हे स्वेच्छेने करीत आहोत असे स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावे लागते. दीक्षेसाठी कोणावरही कसल्याही प्रकारे बळजबरी करण्यास ती संहिता मनाई करते. आमच्या व्यवसायात आम्ही पुष्कळ दस्तऐवज पाहतो. संमतीची इतकी काळजी घेणारा दस्तऐवज विवाहाचाही नसतो. आमच्या देशात किती वधूंना पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबून, सहा वर्षे विचार करून, स्वहस्ते संमती लिहून देण्याची मुभा मिळते?

तथापि, कोणी म्हणेल की, संमती एकदाची आणि बंधन जन्माचे, हा अन्याय नव्हे काय? यास आम्ही आपल्याच देशाच्या कायद्यातून उत्तर देतो. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम खासगी न्यासांसाठी आहे. आम्ही त्यातील तत्त्व तेवढे घेतो. त्याचे दहावे कलम म्हणते की, विश्वस्तपद स्वीकारण्यास कोणीही बांधील नाही. शेहेचाळिसावे म्हणते की, एकदा स्वीकारल्यावर विश्वस्तास ते आपल्या मर्जीने टाकून देता येत नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी, लाभधारकाची संमती, किंवा न्यासपत्रानेच दिलेला तसा अधिकार लागतो. नाही म्हणण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आधी, आणि हो म्हटल्यावर ते परत घेण्याचे स्वातंत्र्य मर्यादित, हा नियम पोपने काढलेला नव्हे. दुसऱ्याचे हित ज्याच्या हाती सोपविले जाते त्या प्रत्येकास तो लागू असतो. धर्मगुरूसही सुटकेची वाट आहे. ब्रह्मचर्याच्या बंधनातून मोकळे करण्याचा अधिकार पोपकडे राखलेला आहे. आमचे म्हणणे एवढेच की, धर्मगुरूचे ब्रह्मचर्य ही त्याची खासगी तपश्चर्या नसून एक विश्वस्तनिधी आहे, आणि त्या निधीचे लाभधारक आपण, म्हणजे सामान्य धर्मजन आहोत.

याच कसोटीने जेथे संमती नव्हती तेथे आम्ही ब्रह्मचर्याचा कैवार घेणार नाही. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी केरळात उदयम्पेरूर येथे धर्मसभा भरविली आणि तेथील थॉमस-ख्रिस्ती परंपरेतील विवाहित धर्मगुरूंवर लॅटिन शिस्त लादली. ज्यांनी आपल्या परंपरेप्रमाणे संसार मांडला होता त्यांना तो सोडा किंवा वेदी सोडा असे फर्मावणे हा न्याय नव्हता. जुलमाने घेतलेले दान दान राहत नाही. महाराष्ट्रास हे वेगळे सांगावयास नको. विठ्ठलपंतांनी पत्नीस अंधारात ठेवून संन्यास घेतला, अशी परंपरागत कथा आहे; गुरूंनी ते कळताच त्यांस घरी परत पाठविले, आणि त्याचे प्रायश्चित्त ज्ञानदेवादी चार निरपराध भावंडांस भोगावे लागले. आधी दुसऱ्यास दिलेले जीवन पुन्हा देवास अर्पण करता येत नाही, हा त्या कथेचा धडा आहे.

दुसरा प्रश्न : हे जीवन मिळते कोणास? येथे आम्ही संत जुझे वाझ यांच्याकडे बोट दाखवितो. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा गोंयकार पाद्री. सिंहलद्वीपाचा किनारा डचांच्या ताब्यात गेल्यावर तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली आणि हजारो श्रद्धावंत मिस्सेवाचून, संस्कारांवाचून राहिले. १६८७ साली मजुराचा वेष घेऊन वाझ त्या बेटावर उतरले. आजारी अवस्थेत, गळ्यात जपमाळ घालून, दारोदार भीक मागत त्यांनी लपलेल्या कॅथलिकांचा शोध घेतला. पुढे कँडीस गेले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांस कैदेत टाकण्यात आले. सुमारे नऊ वर्षे त्या बेटावर ते एकटेच धर्मगुरू होते. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. आप्तांनी टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली, आणि ती करताना रोग्याचा धर्म विचारला नाही. १७११ च्या जानेवारीत कँडीतच त्यांचा अंत झाला. गोव्यात ते पुन्हा आलेच नाहीत. २०१५ साली कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संत म्हणून घोषित केले.

वाझ हे संत फिलिप नेरी यांच्या परंपरेतील ओरेटरीचे होते. त्या संघात मठवासी संन्याशांप्रमाणे शपथा नसतात. म्हणजे येथे आपण एखाद्या गुहेतील विरक्ताची गोष्ट करीत नसून, धर्मगुरूच्या साध्या ब्रह्मचर्याची करीत आहोत. ते बाणावलीत पत्नी आणि चार मुले ठेवून निघते, तर आम्हीच प्रथम विचारले असते की, या मनुष्यास असा काय अधिकार? देवीच्या रोग्यास उराशी धरून तेच हात घरी लेकरास लावणारा बाप आम्हास वंद्य वाटला नसता, बेजबाबदार वाटला असता. त्यांच्या धैर्याचे मूळ श्रद्धेत होते. परंतु ते धैर्य निर्दोष राहिले, त्यात दुसऱ्या कोणाचा बळी पडला नाही, याचे कारण त्यांचे ब्रह्मचर्य होते.

येथेच तिसरा प्रश्न येतो, किमतीचा. आमचे प्रतिपक्षी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घेतील, आणि घ्यावेच. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत हाती आलेल्या नव्या कराराने ज्यांचे आयुष्य पालटले, ते टिळक प्रॉटेस्टंट परंपरेतील विवाहित धर्मोपदेशक होते. त्यांचा संसार नसता तर मराठीस लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ लाभली नसती, आणि ती न लाभणे ही केवढी हानी झाली असती! परंतु तेच पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नीची कित्येक वर्षे विरहात व लोकांच्या बोलण्यात गेली; पुढे १९०० साली तिनेही तो घेतला. टिळक न सांगता निघून जात, घरातले उचलून देऊन टाकीत, आणि दुसऱ्या दिवशीची चूल लक्ष्मीबाईंनी पेटवावयाची. औदार्य एकाचे, हिशेब दुसरीच्या माथी. लक्ष्मीबाईंनी तो हसत चुकविला हा त्यांचा मोठेपणा. असा मोठेपणा प्रत्येक धर्मोपदेशकाच्या पत्नीकडून गृहीत धरणे हा मात्र चर्चचा करंटेपणा ठरेल.

दुसरे उदाहरण आमच्याच व्यवसायातून बाहेर पडलेल्या बाबा आमट्यांचे. वकिली सोडून वरोऱ्यास आनंदवन उभारताना साधनाताई त्यांच्या खांद्यास खांदा लावून उभ्या होत्या, आणि मुलेही कुष्ठरोग्यांच्या सहवासातच वाढली. विवाह सेवेच्या आड येतो, असे आम्ही म्हणावे तर आनंदवनाचे प्रत्येक झाड आम्हास खोटे पाडील. विवाह हा कॅथलिक धर्मातही संस्कारच आहे, आणि ब्रह्मचर्य त्याहून पवित्र म्हणून मिरविणाऱ्या धर्मगुरूंशी आमचे मुळीच जमत नाही. तथापि, साधनाताई योगायोगाने लाभतात. त्या नियमाने नेमता येत नाहीत. जेथे गरज पडेल तेथे, ज्या क्षणी सांगतील त्या क्षणी, जीव धोक्यात घालून जा, असे ज्या पदाच्या माणसास सांगावयाचे, त्याच्या निर्णयाची किंमत त्याने एकट्यानेच मोजावी अशी व्यवस्था असणे यात निसर्गाचा द्रोह नाही. यात न्याय आहे.

आता मालमत्तेचा आक्षेप. मध्ययुगात धर्मगुरूंच्या मुलांनी चर्चच्या जमिनी गिळू नयेत ही चिंता ब्रह्मचर्याच्या कायद्यामागील एक कारण होती, हे खरेच आहे. पण त्यात लाजण्यासारखे काय आहे? देवाच्या नावाने लोकांनी दिलेले धन पुजाऱ्याच्या मुलांनी वाटून घ्यावे, हे बरे काय? पंढरपुरास बडवे आणि उत्पात यांचे पिढीजात हक्क संपविण्यासाठी १९७३ साली कायदा करावा लागला, आणि त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटावयास २०१४ साल उजाडले. विठ्ठल सर्वांचा, पण त्याच्या पायांपाशी उभे राहण्याचा हक्क घराण्याचा, अशी ती स्थिती होती. ज्या धर्मात पुरोहिताचा मुलगा जन्मानेच पुरोहित होतो तेथे देव्हाऱ्याचे वतन होते. कॅथलिक वेदीवर कोणासही बापाच्या नावाने हक्क सांगता येत नाही. शेतमजुराचा आणि न्यायाधीशाचा मुलगा तेथे सारख्याच दाराने येतो.

अर्थात, या औषधाने सर्व रोग बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. मुलगा नसला तरी पुतण्या असतोच. पोपच्या पुतण्या-भाच्यांस पदे व जहागिरी वाटण्याची चाल मोडण्यासाठी बाराव्या इनोसंट पोपना १६९२ साली स्वतंत्र फर्मान काढावे लागले. आणि आमच्या गोव्यात काय झाले? ज्या ओरेटरीतून जुझे वाझ निघाले तिचे दार ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंसाठीच उघडे होते. ब्रह्मचर्याने वंश तोडला. जात तोडली नाही. तो दोष मात्र ब्रह्मचर्याचा नव्हे. ब्रह्मचर्य स्वीकारूनही ज्यांनी कुळ सोडले नाही त्यांचा आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. २००२ साली बॉस्टन येथील प्रकरणे उजेडात आल्यापासून देशोदेशी धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी ते झाकण्यासाठी केलेल्या खटपटी जगासमोर आल्या. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ मध्ये असे मत दिले की, सक्तीचे ब्रह्मचर्य हे या गुन्ह्यांचे थेट कारण नसले तरी इतर कारणांशी मिळून ते धोका वाढविते. आणि धर्मप्रांतीय धर्मगुरूंसाठी ते ऐच्छिक करण्याचा विचार व्हावा अशी शिफारस केली. हे मत आम्ही झटकून टाकीत नाही. एकाकीपणा, अपक्व मन आणि निरंकुश अधिकार एकत्र आले म्हणजे काय होते हे त्या आयोगाने दाखविले आहे. परंतु आमच्या देशात मुलांवरील अत्याचाराच्या नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत बहुतांश आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात. त्यांत नातलग असतात, शेजारी असतात, संसारी पुरुष असतात. विवाह हे या पापावरचे औषध असते तर आमची फौजदारी न्यायालये केव्हाच ओस पडली असती. स्त्री ही पुरुषाच्या विकृतीवरील उतारा म्हणून दिली जावी, ही कल्पना स्त्रीचाही अपमान करते.

म्हणून मुलांवरील गुन्ह्यास ब्रह्मचर्याचा अपरिहार्य परिणाम म्हणणे जितके चूक, तितकेच त्या गुन्ह्यावर ब्रह्मचर्याच्या पावित्र्याचा पडदा टाकणे नीचपणाचे. न्यास अधिनियमाच्या एक्कावन्नाव्या कलमाप्रमाणे विश्वस्तास न्यासाच्या संपत्तीचा स्वतःच्या लाभासाठी वापर करता येत नाही. जे मूल धर्मगुरूवर विश्वास ठेवून त्याच्यापाशी येते त्याचा तो विश्वास हीच या न्यासाची संपत्ती. तिचा अपहार करणारा हा दुर्बळ पापी नसून गुन्हेगार आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांस दिली पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा गुन्हा कळविला नाही तर त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. यात बिशपांस सवलत नाही आणि असू नये. अपराध्याची गुपचूप दुसऱ्या धर्मग्रामात बदली करणारा वरिष्ठ ब्रह्मचर्याचा जेवढा घात करतो तेवढा त्याच्या उघड शत्रूंनीही आजवर केलेला नाही.

धर्मगुरूंची संख्या रोडावत आहे, म्हणून तरी विवाहित पुरुषांस दीक्षा द्यावी, असाही एक सूर आहे. २०१९ साली अमेझॉनविषयक धर्मसभेने दुर्गम प्रदेशांपुरती तशी सूचना केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या पत्रात त्याबाबत कोणताही बदल केला नाही. उद्या एखादा पोप तो करील, तर आमची श्रद्धा ढळणार नाही. कायदा बदलू शकतो हे आम्ही आरंभीच सांगितले. पण ज्या दिवशी ब्रह्मचारी धर्मगुरू चर्चमधून नाहीसा होईल त्या दिवशी सोय वाढेल आणि एक साक्ष बुजेल. सारे काही आपल्या मुलाबाळांसाठीच करावयाचे असते, असे मानणाऱ्या या जगात, ज्यांच्याशी आपले रक्ताचे नाते नाही अशांसाठी समग्र आयुष्य देता येते, ही ती साक्ष आहे.

ही साक्ष टिकावी असे ज्यांस वाटते त्यांच्याकडे आमचे मागणे आहे. बिशपांनी सेमिनरीत संख्या मोजू नये, माणूस पारखावा. ज्यास एकटेपण पेलणार नाही त्यास वेळीच आणि सन्मानाने घरी पाठवावे. आणि गुन्हा कळताच पोलिस ठाणे गाठावे. पण लाभधारकांवरही कर्तव्ये असतात. आजारपणात मध्यरात्री पाद्रीबाबांस उठविणारे आपण, ते म्हातारे झाल्यावर त्यांच्या खोलीचे दार कितीदा ठोठावतो? सणाच्या मिस्सेनंतर शेकडो घरांत पाने मांडली जातात. मिस्सा अर्पण करणारा कोणाच्या पानावर बसला, याची चौकशी किती घरांतून होते? आपला एकुलता मुलगा सेमिनरीत जाऊ नये म्हणून नवस बोलणारी घरे ‘आमच्याकडे धर्मगुरू का नाही’ म्हणून बिशपांकडे अर्ज करतात, हा दुटप्पीपणा कोणत्या न्यायालयात टिकेल? दुसऱ्याच्या मुलाने आपल्यासाठी संसार सोडावा अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी निदान त्यास एकटे सोडू नये.